किल्ली कुणाच्या कमरेला?

सध्या आपल्या वस्त्यांवर एक शब्द फार फिरतोय. सहभाग. ‘वंचित घटकांतील युवकांचा कला-सहभाग.’ बॅनरवर हे छापलेलं, खाली कंपनीचं चिन्ह, बाजूला संस्थेचं नाव, मधे आपल्या पोरांचे हसरे फोटो. दोन दिवसांचं शिबिर, शेवटी एक पथनाट्य, मग प्रमाणपत्र आणि वडापाव. पोरं खूष होतात. त्यांच्या खुशीवर मला काही म्हणायचं नाही. आपल्या पोरांच्या वाट्याला टाळ्या आल्यात कुठं? पण शिबिर उठून गेल्यावर वस्तीत मागं काय राहतं, हे कुणीतरी विचारलं पाहिजे.

कवितासंग्रहाची समीक्षा होते. नाटकाचं परीक्षण येतं. वस्तीतल्या कलाशिबिराचं मात्र नुसतं कौतुक होतं, कारण ते ‘चांगलं काम’ असतं. चांगल्या कामाला कोण बोलणार? दोस्तांनो, मी बोलणार आहे. कारण उद्याचा आपला शाहीर, नट, कवी कुणाच्या भाषेत तोंड उघडेल हे अशाच ठिकाणी ठरतं. तेव्हा या कार्यक्रमांनाही समीक्षेची मोजपट्टी लावू. ती पट्टी कसली, तेवढंच या लेखात मांडायचं आहे.

आधी अडथळा म्हणजे काय ते बघू. या मंडळींच्या प्रस्तावात लिहिलेलं असतं की या मुलांमध्ये आत्मविश्वासाचा अभाव आहे, अभिव्यक्तीची संधी नाही. म्हणजे खोट पोरात आहे. ती दुरुस्त करायला बाहेरून शिक्षक येणार. आता खरी परिस्थिती बघा. आमच्याकडं एका संस्थेनं असंच नाट्यशिबिर घेतलं. वेळ सकाळी दहा ते पाच, वार गुरुवार-शुक्रवार. गिरणीत पहिल्या पाळीला जाणारा येऊ शकत नाही. तिसरी पाळी करून आलेला झोपेनं मेलेला. बदलीवाल्यानं दोन दिवस दांडी मारली की त्याच्या जागी दुसरा उभा. ठेकेदाराकडं काम करणाऱ्याची गोष्टच सोडा. मग शिबिराला आलं कोण? ज्यांच्या घरी दोन दिवसांचा रोज बुडाला तरी चूल पेटते ते. आणि अहवालात काय लिहिलं? ‘श्रमिक युवकांचा प्रतिसाद अल्प.’ वा रे वा! प्रतिसाद अल्प नव्हता, रजा अल्प होती.

पोरांत आत्मविश्वास कमी असेलही. पण तो वाढवायचा म्हणून कुणी पाळी बदलून देत नाही, तालमीला जागा देत नाही, ढोलकी कायमची वस्तीत ठेवून जात नाही. या गोष्टींना पैसा लागतो आणि सत्ता सोडावी लागते. ‘आत्मविश्वास’ फुकट आहे. म्हणून त्याचीच शिबिरं निघतात.

पैसा येतो कुठून तेही समजून घेऊ. २०१३ च्या कंपनी कायद्याचं १३५ वं कलम १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ज्या कंपनीचं निव्वळ मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी असेल, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. कला आणि संस्कृती त्या यादीत आहे. कायदा वाईट नाही. पण त्यातून निघतं काय ते बघा. ज्या कंपनीनं बापाला कायम केलं नाही, ठेक्यावर ठेवलं, त्याच कंपनीच्या दोन टक्क्यांतून पोराला डफ मिळणार. तो डफ वाजवत पोरगा बापाच्या ठेक्याबद्दल गाऊ शकेल का? करारात कुठं ‘बंदी’ लिहिलेली नसते. लिहायची गरजच नसते. विषय आधीच ठरलेले असतात : स्वच्छता, व्यसनमुक्ती, झाडे लावा. जात नाही, ठेका नाही, बुडवलेला पगार नाही. आपलीच पोरं आपल्याच वस्तीला ‘कचरा टाकू नका’ म्हणून शिकवतात आणि कचरा उचलणारी त्यांचीच आई समोर बसून टाळ्या वाजवते.

मग अशा कार्यक्रमानं करायचं तरी काय? हवेत बोलण्यापेक्षा एक खरं घडलेलं उदाहरण घेऊ. ते आपल्या देशातलं नाही, केनियातलं आहे. पण वाचताना परकं वाटत नाही.

नैरोबीपासून तासाभराच्या वाटेवर लिमुरूजवळ कामिरीथू नावाचं गाव आहे. १९५० च्या दशकात माऊ माऊ बंडाच्या वेळी ब्रिटिशांनी माणसं जमिनींवरून उठवून अशा गावांत कोंडली. १९६३ ला केनिया स्वतंत्र झाला, गावाची दशा तीच राहिली. लोक चहाच्या मळ्यात आणि बाटाच्या बुटांच्या कारखान्यात राबायचे, तरणी पोरं बेकार. गावात एक युवक केंद्र होतं, तेही पडीक. १९७६ साली गावातली एक बाई लेखक न्गुगी वा थिओन्गो यांच्या घरी गेली. तुम्ही शिकलेले, पुस्तकं लिहिता, त्यातलं थोडं गावाला का देत नाही, आणि हे पडीक केंद्र उभं का करत नाही, असं तिनं विचारलं. एकदा विचारून थांबली नाही, पुन्हा पुन्हा रविवारी येत राहिली. इथं जरा थांबा. प्रस्ताव लेखकानं लिहिला नाही, कंपनीनं लिहिला नाही. गावच्या बाईनं दार ठोठावलं.

पहिलं काम नाटकाचं नव्हतं, साक्षरतेचं होतं. मोठ्या माणसांचे वर्ग सुरू झाले. त्यानंतर नाटक. न्गुगी वा थिओन्गो आणि न्गुगी वा मिरी या दोघांनी गिकुयू भाषेत मसुदा लिहिला. नाव ‘न्गाहिका न्देंदा’, म्हणजे ‘माझ्या मर्जीनं लग्न करीन’. गोष्ट साधी आहे. एका शेतमजुराकडं दीड एकर जमीन. तिचा कागद तो घराच्या भिंतीवर जपून लावतो. श्रीमंत मालक, चर्च आणि बँकेचं कर्ज यांच्या फासात ती जमीन जाते. आपल्यातल्या कुणाला यातला एखादा शब्द समजावून सांगावा लागेल का?

पण मसुदा लिहून झाल्यावर जे झालं ते महत्त्वाचं. तो गावापुढं वाचला गेला आणि गावानं तो दुरुस्त केला. कारखान्यातल्या कामगारांनी आपण किती माल काढतो आणि पगार किती मिळतो याचा हिशेब मांडला. एका निरक्षर म्हाताऱ्या बाईनं जुन्या लग्नगीतांची चाल आणि शब्द ओळीओळीनं शिकवले. बंडाच्या काळात ज्यांनी बंदुका बनवल्या होत्या त्यांनी नाटकासाठी खोट्या बंदुका बनवल्या. तालमी शनिवारी-रविवारी, कामाचा रोज बुडणार नाही अशा बेतानं आणि उघड्यावर. येणारा-जाणारा उभा राहून सांगायचा, असं नाही, असं चालतात, असं बोलतात. रंगमंच गावानंच आखला, गावानंच बांधला. दोन हजारांवर माणूस बसेल असं उघडं थिएटर. त्याच काळात नैरोबीच्या सरकारी नॅशनल थिएटरात परदेशी मंडळींच्या खेळांना तारखा मिळायच्या आणि केनियाच्या नाटकांना मोजके दिवस.

आता आमच्या गुरुवार-शुक्रवारच्या शिबिराशी ताडून बघा. वेळ कुणाच्या सोयीची? जागा कुणाची? शब्द कुणाचे? चूक काढायचा हक्क कुणाला? कामिरीथूत या चारही प्रश्नांचं उत्तर एकच आहे : गावाचा. मी जी मोजपट्टी म्हणतो ती हीच. पोरं किती आली, फोटो किती निघाले, यावर कार्यक्रम मोजायचा नाही. केंद्राची किल्ली कुणाच्या कमरेला आहे यावर मोजायचा.

किल्ली गावाकडं गेली की काय होतं तेही त्याच उदाहरणात आहे. २ ऑक्टोबर १९७७ ला नाटक सुरू झालं, लांबून लांबून माणसं आली. १६ नोव्हेंबरला सरकारनं बंदी घातली. दीड महिना! ३१ डिसेंबर १९७७ ला न्गुगीला पकडलं, खटला न चालवता जवळजवळ वर्षभर डांबलं. गावानं हार मानली नाही. पुढचं संगीत नाटक बसवायला घेतलं. ते नॅशनल थिएटरात करू दिलं नाही. मार्च १९८२ मध्ये केंद्राचा परवाना काढून घेतला आणि १२ मार्चला पोलिसांनी ट्रक भरून येऊन ते उघडं थिएटर जमीनदोस्त केलं. झाडे लावा म्हणणाऱ्या पथनाट्याच्या अंगावर पोलिसांचे ट्रक कुणी आणले आहेत का?

पण समीक्षा करायची तर कामिरीथूचीही करायची. आरती ओवाळायची नाही. एक, लेखक दोघे आणि दिग्दर्शक किमानी गेचाऊ, तिघेही विद्यापीठाशी जोडलेले शिकलेले पुरुष. गावानं दुरुस्ती केली हे खरं, पण पहिला कागद त्यांचा होता. दोन, भाषा गिकुयू. इंग्रजी सोडली हे मोठंच पाऊल, पण केनियात भाषा अनेक, आणि दुसऱ्या भाषेचा मजूर त्या नाटकाच्या बाहेर राहिला. तीन, सगळं एका जागेवर उभं होतं. १९८२ साली न्गुगी परदेशी गेला तो २००४ पर्यंत परतू शकला नाही, थिएटर पाडलं गेलं, आणि तिथलं काम थांबलं. २८ मे २०२५ ला न्गुगी वारला. लेखक जगभर पोचला, त्या गावचा रंगमंच मात्र गेला तो गेला. एका माणसावर आणि एका इमारतीवर चळवळ टेकली की शत्रूचं काम सोपं होतं.

इथं मला आपला जलसा आठवतो. जी गोष्ट कामिरीथूला जमली नाही ती त्याच्या कितीतरी आधी आपल्या आजोबांनी जमवली होती. सत्यशोधक जलशांच्या वाटेनं १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे उभे राहिले. नाशिककडच्या भीमराव कर्डकांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांना ना इमारत, ना परवान्याचं थिएटर. ढोलकी, डफ, तुणतुणं आणि कंदील. तमाशाचा साचा आपल्याच लोकांच्या हातात होता. त्यांनी तो घेतला, गण-गौळण बदलली, सोंगाड्या आणि सवाल-जवाब ठेवले, आणि आत काय भरलं? मेलेलं ढोर ओढू नका, पोरांना शाळेत घाला, पाणवठ्यावर हक्क सांगा. खेळ करणारे कोण? शेतमजूर, गिरणी कामगार. वेळ कधीची? रात्रीची, काम संपल्यावरची. जागा कुठली? महारवाड्यातलं मोकळं अंगण. पाडायला काही नव्हतंच, त्यामुळं कुणी पाडू शकलं नाही.

वामनदादा कर्डक मुंबईत गिरणीत राबले, जाणते झाल्यावर अक्षर शिकले, आणि २००४ ला जाईपर्यंत गात राहिले. अण्णा भाऊ साठे शाळेत टिकले नाहीत. त्यांनी अमर शेख आणि गवाणकर यांच्यासह १९४४ साली लाल बावटा कलापथक काढलं. यांच्यातल्या कुणालाही ‘सहभागी’ म्हणून बोलावलं नव्हतं. ते स्वतःच यजमान होते. आजच्या प्रस्तावांच्या भाषेत या माणसांचं वर्णन ‘शिक्षणापासून वंचित, मर्यादित अभिव्यक्ती-क्षमता’ असं झालं असतं. हसू नका, तुमच्या-माझ्याबद्दल हेच लिहिलेलं आहे.

तेव्हा जागा नव्हती तरी चाललं, मग आता जागा कशाला मागता, असं कुणी म्हणेल. तेव्हा अंगण होतं. चाळीची गॅलरी होती, युनियनचं ऑफिस होतं, गिरणगावात परळचं दामोदर नाट्यगृह होतं, जिथं कामगारांची नाटकं पिढ्यान्‌पिढ्या झाली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. संप चिरडला गेला, गिरण्या बंद पडत गेल्या, त्या जमिनींवर मॉल आणि टॉवर आले. दामोदर नाट्यगृहही २०२३ साली पुनर्विकासासाठी बंद झालं. आता झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत तालीम करायला गेलात तर जिन्यात उभं राहावं लागतं आणि वॉचमन हाकलतो. म्हणून आज जागेचा प्रश्न हा कलेचाच प्रश्न आहे.

पोलिसांच्या ट्रकाची गोष्टही केनियापुरती नाही. २००२ साली पुण्यात तरुण पोरापोरींनी कबीर कला मंच काढला. जात, दंगली, कामगार यांच्यावर गायले. पुढं त्यांच्यावर नक्षलवादाचा शिक्का मारून बेकायदा कृत्य प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हे लागले. शीतल साठे आणि सचिन माळी २ एप्रिल २०१३ ला विधानभवनासमोर गात स्वतःहून हजर झाले. शीतल तेव्हा गरोदर होती. तिला त्याच वर्षी जामीन मिळाला, सचिनला २०१७ उजाडावं लागलं. सप्टेंबर २०२० मध्ये मंचाचे कलावंत एल्गार परिषदेच्या खटल्यात पुन्हा अटकेत गेले. म्हणजे सरकारला आपल्या पोरांच्या ‘सहभागा’ची अडचण नाही. विषय पोरांनी निवडला की अडचण सुरू होते. हे माहीत असूनच काम करायचं आहे. वकील कोण, घरच्यांकडं कोण बघणार, आत गेलेल्याचं गाणं बाहेर कोण म्हणणार, हे तालमीबरोबरच ठरवायला पाहिजे. नुसतं ‘लढेंगे’ म्हणून भागत नाही.

आता शेवटचं बोलतो, ते जरा आपल्याच अंगावर येणारं आहे. कंपनीला, सरकारला, पांढरपेशा संस्थांना शिव्या घालणं सोपं आहे. आपल्या समाजमंदिराची किल्ली कुणाच्या कमरेला आहे? कमिटीच्या. कमिटीत कोण? चाळीस-पन्नाशीचे पुरुष. १४ एप्रिलला वर्गणी काढून भाड्याचा डीजे येतो, मंडपावर, रोषणाईवर पैसा जातो. तेवढ्या पैशात वस्तीची वाद्यं कायमची झाली असती. वर्षभर वाजली असती. आणि पोरी कुठं आहेत? जुन्या जलशात बायकांची कामं बहुतेक पुरुषच करायचे. त्या काळात फडावरच्या बाईकडं ज्या नजरेनं बघितलं जायचं ती नजर आपल्या आया-बहिणींवर पडू नये, हा विचार त्यामागं होता. तो काळ मी समजू शकतो. पण आज? तालीम रात्री नवाला. पोरगी म्हणते, घरी सोडत नाहीत. आपण काय म्हणतो? ‘मुलींचा प्रतिसाद अल्प.’ त्या संस्थेच्या अहवालातलं तेच वाक्य, दोस्तांनो, आपल्या तोंडात! फक्त तिथं गुरुवार होता, इथं रात्रीचे नऊ आहेत.

तिलाही वेळेचा अडथळा आहे, जागेचा आहे, निर्णयाचा आहे. धुणी-भांडी, धाकटी भावंडं, आणि वर आपली शंका. ज्या मोजपट्टीनं कंपनीला मोजलं त्याच पट्टीनं आपण मोजले गेलो तर किती भरू? कामिरीथूत किल्ली फिरायला सुरुवात झाली ती एका बाईनं दार ठोठावलं म्हणून. आपल्या वस्तीतली बाई कमिटीचं दार ठोठावते तेव्हा आपण काय करतो?

मग करायचं काय? पैसा नाकारायचा का? सरसकट नाही. आपल्याच घामातला तो पैसा आहे, दोन टक्के म्हणजे काही खैरात नव्हे. पण अटी आपण घालायच्या. वेळ वस्ती ठरवेल, पाळ्या विचारून. वाद्यं, पडदे, दिवे शिबिर संपल्यावर वस्तीतच राहतील. विषय पोरं निवडतील आणि संहितेवर बाहेरच्याची सही लागणार नाही. शिकवायला येणारा येऊ दे, पण त्यानंही शिकून जायचं. फोटो लावायचे तर आधी आम्हाला विचारायचं. हे मान्य असेल तर या, नाहीतर तुमचा बॅनर तुम्हाला लखलाभ. आणि समाजमंदिरासाठी आपलीही अट : आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी पाच ते सात हॉल पोरींच्या तालमीला, आणि त्या दोन दिवशी किल्ली पोरींकडं. कुणा दादाकडं नाही.

हे छोटं वाटेल. पण कमिटीच्या पुढच्या बैठकीत एवढी एक मागणी ठेवून बघा. कोण कोण उठून उभं राहतं आणि काय काय बोलतं ते लिहून काढा. त्यातूनच आपलं पुढचं नाटक निघेल. ते बसवायला बाहेरच्या शिक्षकाची गरज पडणार नाही.